माझी तेरवी

आमच्या इथं नवीन बाई भरती झाली, की पहिले काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. कोणी जवळ गेलं तर पदर तोंडावर ओढून घेते. डॉक्टर मला म्हणतात, "बाई, जरा बसा तिच्यापाशी." मी बसते. पण असं बसून सगळं सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी तिला तेव्हा ते ऐकू जात नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे. जिला वाचता येतं तिनं वाचावं, जिला येत नाही तिला शेजारणीनं वाचून दाखवावं. यात धीर देण्यासारखं फार नाही, हे आधीच सांगते. जे झालं ते झालं तसं लिहिलं आहे.

*

माझं सासर मेहकर तालुक्यातलं जानेफळ. तिथं मुलींच्या प्राथमिक शाळेत मी शिकवत होते. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि शाळा नुकत्याच जिल्हा परिषदेकडे गेल्या होत्या. गावात शिकवणाऱ्या बायका आम्ही दोघीच. घरचा भाजीचा मळा होता. तो शकूचे बाबा, म्हणजे माझे मालक नारायणराव, पाहायचे. शकू ही आमची एकुलती एक मुलगी. शिवाय घरात त्यांची थोरली विधवा बहीण होती. तिला सगळे अक्का म्हणत.

तांबडं फुटायच्या आत उठायचं, विहिरीवरून पाणी आणायचं, घरच्यांच्या आणि मळ्यात निंदायला येणाऱ्या बायांच्या भाकरी थापायच्या, शकूची वेणी घालायची आणि पळत शाळा गाठायची. शाळा सुटली की मळ्यात जाऊन दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची भाजी तोडायची. शाळेत उशीर झाला की हेडमास्तर घड्याळाकडे पाहायचे आणि घरी उशीर झाला की अक्का चुलीकडे. बोलत दोघंही नसत.

चाळिशीला आले होते. उजव्या हातावर कोपराच्या खाली एक फिकट चट्टा उठला होता. गजकर्ण असेल म्हणून करंजीचं तेल लावत राहिले. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नीट मिटेना. फळ्यावर लिहिताना खडू गळून पडायचा, पोरी हसायच्या. एकदा तव्याचा चटका बसून मनगटाला मोठा फोड आला होता. तो मला दुसऱ्या दिवशी वर्गात एका पोरीनं दाखवला. तरी मला काही वाटलं नाही. या वयात बायांचं असंच होतं, असं अक्का म्हणाली, आणि मलाही ते पटलं. आंघोळीला बसलं तरी बाहेरून कोणी ना कोणी हाक मारत असायचं. स्वतःच्या अंगाकडे निवांत पाहिलं, असा एक दिवस मला त्या सगळ्या वर्षांतला आठवत नाही.

*

त्या वर्षी गावोगावच्या शाळांतून अंगावरचे चट्टे तपासणारं पथक फिरत होतं. आमच्याकडे एक तरुण डॉक्टर आले. मी पोरींना रांगेत उभं करत होते. तपासून झालेल्या एका लहान पोरीच्या झग्याची मागची गुंडी मला काही केल्या लावता येईना. डॉक्टर ते पाहत होते. पोरी संपल्यावर म्हणाले, "बाई, आता तुमचा हात दाखवा."

हेडमास्तरांच्या खोलीत त्यांनी मला बसवलं. खिशातून एक पीस काढलं. "डोळे मिटा. पीस जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताच्या बोटानं दाखवायचं."

मी डोळे मिटले. पलीकडच्या वर्गात सातचा पाढा चालला होता. तो संपला, आठचा सुरू झाला. 

"करा ना सुरू," मी म्हटलं.

"डोळे उघडा," ते हळू आवाजात म्हणाले.

पीस माझ्या चट्ट्यावरच होतं. ते कधीपासून फिरवत होते कोण जाणे.

मग त्यांनी कोपराच्या मागची शीर दाबून पाहिली, तेव्हा मात्र माझ्या तोंडून किंकाळी निघाली. त्यांनी आजाराचं नाव घेतलं. आधी दवाखान्यातलं नाव घेतलं आणि मला कळलं नाहीसं वाटून गावातलं घेतलं, महारोग. आता यावर गोळी आहे, हात वाकडा व्हायच्या आत थांबवता येतो, असंही सांगितलं. ते चांगलं बोलत होते. मला त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती.

"मला मुलगी आहे," मी म्हटलं.

"तिलाही तपासू. बहुतेकांना हा लागत नाही, बाई."

दिवाळीनंतर शकूची सोयरीक उंद्रीच्या एका चांगल्या घरात जमली होती. कुंकू लागलं होतं. वैशाखात लग्न करायचं ठरत होतं. डॉक्टर गोळ्यांचं सांगत होते आणि माझ्या मनात उंद्रीचं ते अंगण आलं, जिथं शकूच्या होणाऱ्या सासूनं माझी ओटी भरली होती.

*

शकूच्या बाबांना मी मळ्यात गाठलं. ते वांग्यांना पाणी देत होते. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. ते फावड्यानं बारं मोडत, एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात सोडत ऐकत होते. 

"कोनाकोनाले मालूम आहे?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरले. अन् ते हेडमास्तरले सांगतीन."

"शकूले?"

"अजून नाही."

पाणी वाफा भरून बाहेर चाललं होतं. त्यांनी ते वळवलं. "आजपासून वांगी तोडू नको तू," ते म्हणाले. "बजारात समजलं तं आपल्या भाजीले कोन हात लावीन?"

दुखतं का, असं त्यांनी विचारलं नाही. तसं ते दुखत नव्हतंच. पण मी वाट पाहत बांधावर बराच वेळ उभी राहिले.

संध्याकाळी घरी आले तर माझं अंथरूण, ताट, पितळी गडू आणि लुगडी मळ्यातल्या खोपीत गेली होती. अक्कानं दारातूनच सांगितलं, "आता इकडं येऊ नको. तिकडंच आनून देईन." तिनं शब्द पाळला. दोन्ही वेळा ती खोपीसमोर येऊन भाकरी वरून ताटात टाकायची आणि पाणी उंचावरून ओतायची. गडूला गडू लागू नये म्हणून तिचा हात इतका वर जायचा, की निम्मं पाणी माझ्या पायावर सांडायचं. वीस वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं होतं. "अक्का, जवळ बसू नका, पन दोन शब्द तं बोला," असं मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "काय बोलू वं? मागच्या जन्मीचं तुह्यं तुले मालूम."

शाळेचा चार्ज द्यायला गेले तेव्हा हेडमास्तर पडवीतच उभे होते. त्यांनी मला आत येऊ दिलं नाही. किल्ल्या खाली ठेवायला सांगितल्या. माझी खुर्ची मैदानात काढली होती. शिपाई तिच्या दोन पायांना दोरी बांधून ती ओढत कुंपणाकडे नेत होता. तिथं पाचोळा गोळा केलेला होता. मुली खिडक्यांतून पाहत होत्या. त्यातल्या निम्म्याजणींचा हात धरून मी त्यांना अ गिरवायला शिकवलं होतं. एकीनं सवयीनं "बाई" म्हणून हाक मारली आणि दुसरीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. खुर्ची पेटेपर्यंत मी थांबले नाही. पण मळ्यात परत आले तरी त्या बाजूला धूर दिसत होता.

शकूला तपासलं. तिला काही नव्हतं. त्या दिवशी मला जेवण गेलं. ती मात्र खोपीकडे यायची ती लांब जांभळीखाली उभी राहायची. रडायची, पण पुढं यायची नाही. एक दिवस म्हणाली, "आई, माह्यं लग्न होयपर्यंत तू कुठं बाहेर गेली तं नाही चालन का?"

"चालेल," मी म्हटलं.

तिचा चेहरा इतका हलका झाला, की मला तिच्याकडे पाहवेना.

*

डॉक्टरांनी लांबच्या एका कुष्ठधामाचा पत्ता दिला होता. शकूचे बाबा मला घेऊन निघाले. फाटकाशी आलो तेव्हा आत काही माणसं झाडाखाली बसलेली होती. कोणाला बोटं नव्हती, कोणाचं नाक बसलेलं होतं. शकूच्या बाबांनी ट्रंक फाटकाच्या बाहेरच टेकवली.

"लग्नाले येऊ नको," ते म्हणाले.

"लोकं विचारतीन, माय कुठं आहे," मी म्हटलं.

"पाहीन मी. सांगीन काहीतरी."

ते परत फिरले आणि चालू लागले. मी ट्रंक उचलायला गेले तर ती माझ्या उजव्या हातात राहीना. झाडाखालची एक बाई उठून आली. तिच्या दोन्ही हातांना बोटांच्या जागी खुंट होते. तिनं दोन्ही मनगटं कडीत घातली आणि ट्रंक उचलून चालायला लागली.

"पाहू नको मांगं," ती म्हणाली. "कोनीच वळून पाहत नाही. म्या पाह्यलं व्हतं, मान दुखली फकस्त."

ती कौतिका. लोणारकडच्या सुलतानपूरची, चांगल्या शेतकरी घरातली. तिला आणून सोडलं तेव्हा तिचं धाकटं लेकरू अंगावर पीत होतं, ते तिच्यापासून ओढून घेतलं होतं. हे तिनं मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, पीठ महाग झालं हे सांगावं तसं.

*

इथला दिवस कसा जातो ते तुम्हाला कळेलच. सकाळी गोळी. मग हातपाय पाण्यात भिजत ठेवायचे, खरवडायचे, तेल लावायचं. मग पट्ट्या. संध्याकाळी एकमेकींचे तळपाय पाहायचे, कुठं काटा, काच, फोड आहे का. हे कंटाळवाणं काम आहे आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. ते टाळू नका. आम्हाला दुखत नाही, म्हणून आम्ही पाहायचं. 

वॉर्डात चहा देणारी एक बाई कपाला काठीनं ढकलायची. तिचा पगार इथलाच होता, पण किळसही तशीच होती. आणि इथल्या सगळ्या बाया माझ्याशी गोड वागल्या असंही नाही. माझी बोटं शाबूत होती, नाक सरळ होतं. मला त्या "साजरी बाई", म्हणजे देखणी बाई, म्हणायच्या. एकजण मी दिसले, की थुंकायची. "तू जाशीन परत," म्हणायची, "आमच्या मढ्यावर पाय देऊन जाशीन." तिला तिच्या मुलानं बैलगाडीतून आणून रात्रीच्या मुक्कामात वाटेतच उतरवून दिलं होतं, असं नंतर कळलं.

काही महिन्यांनी मला अंगात उलटलं. गोळ्या चालू असताना असं काहींना होतं. ताप चढला, अंगभर लाल गाठी आल्या, हाताच्या शिरेतून कोणीतरी तापलेली तार ओढतंय असं वाटायचं. ज्या हाताला चटका कळत नव्हता तोच हात आता वाऱ्यानंही पेटायचा. आपण मरणार असं वाटलं, आणि मग मरत नाही याची भीती वाटायला लागली. त्या दिवसांत वॉर्डातली सिस्टर येऊन माझे केस विंचरायची. हातात मोजे न घालता, मान धरून, गुंता काढून. शाळेची पोरगी असल्यासारखी मी मान पुढं करून बसायचे. कौतिका मनगटांच्या मध्ये ओलं फडकं धरून कपाळावर दाबायची. फडकं पिळता येत नसल्यानं पाणी माझ्या कानात जायचं. "बुडून मर पाह्यजे तं, पन तापानं मरू नको," म्हणायची. हात वाचला. दोन बोटं अर्धी वाकली ती वाकलीच.

ताप उतरला तोवर वैशाख आला. लग्नाची तिथी मला कोणी कळवली नव्हती. रोज सकाळी वाटायचं, आज असेल. रोज संध्याकाळी वाटायचं, आज नसेल, उद्या असेल. मी खाणं सोडलं. शेवटी कौतिकानं एक दिवस दुपारच्या ताटातली दोन-चार भाताची शितं अक्षता टाकाव्यात तशी मनगटानं उडवली आणि म्हणाली, "लागलं लग्न तुह्या पोरीचं. झालं. आता जेव, अन् उद्यापासून माह्याजवळ हा इषय काढू नको."

मी जेवले.

*

पाऊस सरल्यावर आमच्या वॉर्डात एक नवी बाई आली. मी तेव्हा पट्ट्यांच्या खोलीत पाण्याच्या घमेल्याजवळ होते. तिचा चेहरा सुजलेला होता, त्यामुळं मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली, आणि तिचे दात वाजायला लागले.

"बाई, तुमी?" ती म्हणाली. "तुमी तं मेल्या ना."

आवाजावरून कळलं. ती मथुरा होती. जानेफळच्या बाजारात आमच्या ओट्याशेजारी तिची मिरच्यांची पाटी असायची.

"कोण म्हणालं?" मी विचारलं.

"कोन म्हनीन? समद्या गावाले माहीत. नागपूरले मोठ्या दवाखान्यात गेल्या, छातीच्या दुखण्यानं, अन् तिकडंच माती केली. नारायणरावनं डोक्याचे केस काढले. शाळेले सुट्टी देल्ली. तेरवी केली." ती माझ्या हातांकडे, पायांकडे पाहत होती, पाय उलटे आहेत का ते पाहावं तशी. "म्या जेवली बाई तुमच्या तेरवीले."

मग कौतिकानं विचारलं, "भाजी कशाची व्हती?"

"वांग्याची," मथुरा म्हणाली. "मळ्यातलीच. अन् बुंदी."

"चांगली झालती का?"

"भाजी चांगली झालती. बुंदी जराशी कडक व्हती."

कौतिका हसायला लागली. खुंट मांडीवर आपटत हसली. मग मला हसू आलं. मला थुंकून दाखवणारी ती बाईसुद्धा हसली. मथुरा बिचारी आमच्याकडे पाहत उभीच होती. हसता हसता मला ओकारी आली आणि मी त्याच घमेल्यात ओकले.

नंतर मी तिला एकेक विचारलं. तेरवी लग्नाच्या आधी होती. वर्षाच्या आत लग्न उरकावं म्हणून घाई केली, असं सगळ्यांना पटवलं होतं. मांडवात मुलीची माय म्हणून शकूच्या चुलतचुलतीला बसवलं. शकू लय रडली. "लोकं म्हनत, पोरीचा जीव व्हता मायवर," मथुरा म्हणाली.

म्हणजे शकूला माहीत होतं. ती माझ्या तेरवीला घरात होती. पाहुण्यांना पाणी तिनंच दिलं असेल.

त्या आठवड्यात इथल्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, की इथं मुलांसाठी शाळा सुरू करायची आहे, शिकवाल का. मी म्हटलं, मी मेलेली आहे. ते म्हणाले, "ते मला कळलं. सोमवारपासून या." आजारात माझ्यावर कोणी केलेला हा सर्वांत मोठा उपकार. त्यांनी माझं सांत्वन केलं नाही, मला फळा दिला. डाव्या हातानं लिहायला मी त्या फळ्यावर शिकले, मुलांच्या बरोबरच.

*

काही वर्षांनी माझ्या कातडीतला रोग गेल्याचं तपासणीत दिसलं. पुन्हा पुन्हा तपासलं. डॉक्टरांनी दाखला दिला आणि तुम्ही घरी जाऊ शकता म्हणाले.

"मेलेलीले कुठं धाडता, डाक्तर?" कौतिका म्हणाली.

मी गेले. जाऊ नये असं तिनं परोपरीनं सांगितलं, तरी गेले. मला वाटलं होतं, की मला समोर पाहिलं की काहीतरी होईल. काय होईल ते मी ठरवलं नव्हतं.

गावात न शिरता मागच्या पांदीच्या वाटेनं मळ्यात गेले. शकूचे बाबा मिरच्यांत होते. पलीकडे एक बाई तोडणी करत होती, तिच्या गळ्यात काळी पोत होती. ती कोण हे मी विचारलं नाही. त्यांनी मला पाहिलं आणि आधी त्या बाईला हाक मारून घराकडे पाठवलं. मग माझ्याकडे आले. थकले होते. 

"बरी झाली का?" 

"हो. दाखला आहे."

"बरी झाली हे चांगलं झालं," ते म्हणाले आणि मला वाटतं ते त्यांनी मनापासून म्हटलं. "पन आता कसं सांगू लोकायले? गाव जेवू घातलं मी."

"मी जिवंत आहे, एवढंच सांगा."

"शकूले लेकरू झालं. तिले परत धाडून देतीन ते. अक्का वारली. आता घरात ही आहे." ते खाली मातीकडे पाहत बोलत होते. "आता तुह्या हाती आहे. तुले वाटलं तं मार हाका गावात. मी तुले अडवत नाही."

त्यांना मी चांगली ओळखत होते. मी हाका मारणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते अडवत नव्हते.

*

शकूला एकदा पाहावं आणि परत जावं, एवढंच मनात धरून मी उंद्रीला गेले. तिच्या अंगणात पोचले तेव्हा ती ओसरीवर लेकरू घेऊन बसली होती. अंगानं भरली होती. तिनं वर पाहिलं आणि लेकरू छातीशी आवळलं. 

तिची सासू सुपात काही पाखडत होती. "कोन वं शकू?" तिनं विचारलं. माझी ओटी तिनं भरली त्याला वर्षं लोटली होती, आणि आजारानं माझ्या भुवयांचे केस गेले होते. तिनं मला ओळखलं नाही.

"आमच्या जानेफळच्या बाई आहेत," शकू म्हणाली. "शाळेत शिकवत."

लहानपणी ती माझ्याच वर्गात होती, आणि वर्गात मला बाईच म्हणायची. अगदी तोच आवाज होता.

"बसा ना बाई," सासू म्हणाली. तिनं स्वतः चटई टाकली, पाणी दिलं, गूळ दिला. फार साधी, मायाळू बाई. ती माझ्याजवळ येऊन बसली. "मंग तुमी हिच्या मायसंगच असान शाळेत?"

"हो."

"कशी व्हती हो? हिले इचारलं तं काहीच सांगत नाही. डोळे पुसते नुसती. म्या एकदाच पाह्यली व्हती."

मी पदर सारखा केला, त्यात उजवा हात झाकला. "कामाची होती," मी म्हटलं. "सकाळी फार घाईत असायची. पोरीची वेणी घालताना केस ओढायची. पोरगी ओरडायची, पण मान हलवायची नाही."

शकू लेकराच्या टोपड्याची नाडी बांधत होती. बांधून झालेली सोडून ती पुन्हा बांधायला लागली.

"मरतानी लय हाल झाले म्हनतात."

"तेव्हा मी तिथं नव्हते."

"पोरीचं नाव घेतलं असन तिनं."

"घेतलं असेल."

सासूनं डोळ्यांना पदर लावला. मग उठली, शकूच्या मांडीवरचं लेकरू उचललं आणि माझ्यापुढं धरलं. "घ्या बाई. हिच्या मायच्या जागी तुमीच आशीर्वाद द्या."

माझे हात पुढं झाले होते. शकू झटकन उठून मध्ये आली. "नको, नवीन मानसापाशी रडते ते," म्हणाली आणि लेकरू काढून घेतलं. ते रडत नव्हतं. माझ्याकडे पाहून हसत होतं. दाखला माझ्या पिशवीत होता. तो कोणाला दाखवणार?

मी उठले. सासू जेवून जा म्हणत होती. गाडी चुकेल असं सांगून निघाले. शकू लेकराला कडेवर घेऊन मला सोडायला फाट्यापर्यंत आली. घरं मागं पडल्यावर तिनं पहिल्यांदा "आई" म्हटलं.

"आई, तू पुन्हा येऊ नको."

मी चालत राहिले.

"नंदेचं जमून राह्यलं माह्या. अन् उद्या हे मोठं होईन," तिनं लेकराकडे पाहिलं. "हे लोकं चांगले आहेत, आई. पन येवढे चांगले नाहीत."

"गावाला सांगायचं तेव्हा," मी विचारलं, "मी गेले असं सांगायचं, हे कोणाच्या मनात आलं?"

तिनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माह्या," म्हणाली. "बाबायले सुचत नव्हतं."

ती रडली नाही. मीही रडले नाही. फाट्यावर गावची पाच-सहा माणसं गाडीची वाट पाहत उभी होती, त्यांनी शकूला ओळखलं, कोण पाहुण्या म्हणून विचारलं. "आमच्या माहेरच्या बाई," तिनं सांगितलं. गाडी आली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा तिनं सगळ्यांसमोर वाकून मला नमस्कार केला आणि चारचौघांत म्हणतात तशी मोठ्यानं म्हणाली, "पुन्हा या बाई. आता मुक्कामानं या."

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"येईन," मी म्हटलं आणि गाडीत चढले.